बाळंतीण ‘डोकं दुखतंय’ म्हणते तेव्हा – अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आयांबद्दल

रानजाई

अमेरिकेत बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. १४ वर्षं झाली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. एक प्रसंग बरेच दिवस मनात घोळतोय, तो इथे लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

३१ वर्षांची पहिलटकरीण, कृष्णवर्णीय. बाळंत होऊन दुसरा दिवस. पाळी बदलताना मला सांगितलं गेलं, "डोकं दुखतंय म्हणते, झोप झालेली नाही, जरा घाबरट आहे. गोळी दिलीय." चार्टवर बीपी १३८/८४. म्हणजे काळजीचं काही नाही.

खोलीत गेले तर ती डाव्या कुशीवर, बाळाकडे तोंड करून झोपलेली. बीपीचा पट्टा उजव्या दंडावर, म्हणजे वरच्या हाताला. हे काम केलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. कुशीवर निजलेल्या माणसाचा वरचा हात हृदयापेक्षा उंच असतो, तिथे बीपी खोटा कमी येतो. तिला उठवून बसवलं. पाठीला उशी, पाय जमिनीला टेकवलेले, हात टेबलावर छातीच्या पातळीला. ५ मिनिटं दोघी गप्प बसलो. मग यंत्र चालू केलं. १६८/११२. १५ मिनिटांनी पुन्हा घेतला, १६६/११०.

बाळंतिणीच्या बीपीचा वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० वा त्याहून वर जाऊन १५ मिनिटं तसाच राहिला, तर ती तातडीची स्थिती असते. ३० ते ६० मिनिटांत औषध अंगात गेलं पाहिजे, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर आले, शिरेतून औषध दिलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू केलं. ती वाचली. चौथ्या दिवशी बाळ घेऊन घरी गेली.

मॅग्नेशियमने अंग भाजल्यासारखं होतं, म्हणून मी तिच्या कपाळावर ओला टॉवेल धरून बसले होते. तेव्हा ती म्हणाली, "मी दुपारपासून सांगतेय. मोठ्याने सांगितलं असतं तर भांडखोर म्हटलं असतं, म्हणून हळू सांगत होते."

हळू सांगितलं तर घाबरट, मोठ्याने सांगितलं तर भांडखोर. मग बाईने सांगायचं तरी कसं?

आता आकडे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे म्हणजे सीडीसीचे २०२३ चे आकडे असे : दर १ लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ५०.३ मातामृत्यू, गोऱ्या स्त्रियांमध्ये १४.५, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) १२.४, आशियाई १०.७. यात गरोदरपणातले आणि त्यानंतरच्या ४२ दिवसांतले मृत्यू धरतात. कोविडमुळे २०२१ साली कृष्णवर्णीयांचा दर ६९.९ वर गेला होता. साथ ओसरल्यावर सगळ्यांचेच दर खाली आले. २०२२ ते २०२३ या वर्षात बाकीच्यांचे आणखी उतरले, कृष्णवर्णीय स्त्रियांचा मात्र ४९.५ वरून ५०.३ झाला. राज्याराज्यांतल्या समित्या असा एकेक मृत्यू तपासतात. त्यांच्या मते यातले १०० पैकी ८० हून अधिक मृत्यू टाळता येण्यासारखे होते.

आपल्यापैकी कितीतरी जण या देशात राहतात, इथेच बाळंत होतात. दवाखान्यात नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट म्हणून आपली माणसं पुष्कळ आहेत. ११ ते १७ एप्रिल हा आठवडा इथे कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्यासाठी पाळला जातो, ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स या संस्थेने तो २०१८ पासून सुरू केला. त्या निमित्ताने आपापले अनुभव लिहावेत अशी विनंती.

टिटवी

रानजाई, वाचून काटा आला अंगावर. "हळू सांगत होते" हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

माझ्या ऑफिसातली मैत्रीण, कृष्णवर्णीय, इंजिनीयर, माझ्याहून वरच्या पदावर. आम्ही दोघी एकाच वर्षी गरोदर होतो. दवाखान्यात न्यायची बॅग कशी भरायची यावर बोलणं चाललं होतं. मी बाळाची टोपडी, दुपटी, माझे गाऊन असं सांगत होते. ती म्हणाली, "मी सगळ्यात वर कॉलेजचा स्वेटशर्ट ठेवलाय." मला वाटलं, थंडी वाजेल म्हणून. तर म्हणाली, "नाही गं, त्याच्यावर विद्यापीठाचं नाव आहे. ते अंगावर असलं की माझ्याशी नीट बोलतात. माझ्या आईनेच सांगितलंय."

मला असलं काही सुचलंही नव्हतं. माझ्या बॅगेत माझं शिक्षण सिद्ध करणारं काही नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

पाणकावळा

विषय महत्त्वाचा आहे आणि रानजाईंनी त्या बाईचा जीव वाचवला याबद्दल आदर आहे. तरी एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नये.

हा फरक वंशामुळे आहे असं म्हणण्याआधी बाकीची कारणं बाजूला काढायला नकोत का? गरिबी, विमा नसणं, शिक्षण, वजन, आधीपासूनचा बीपी आणि मधुमेह. हे सगळं कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये जास्त आहे हे तर खरंच. ते वजा केल्यावर किती फरक उरतो? उरलेला फरक थोडाच असेल, तर उपाय दवाखान्यात शोधायचा की वस्तीत? मी आकडेवारीचं काम करतो, म्हणून आधी हेच डोक्यात येतं.

कवडसा

पाणकावळा, प्रश्न रास्त आहे. मी स्त्रीरोग आणि प्रसूती विभागात निवासी डॉक्टर आहे (तिसरं वर्ष, झोप कमी, चुका दिसल्या तर सांगा).

सीडीसीने २००७ ते २०१६ चे मृत्यू शिक्षणानुसार वेगळे करून पाहिले. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या ५.२ पट निघाला. त्याच कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांची तुलना हायस्कूलही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांशी केली, तरी पदवीधरांचाच दर १.६ पट जास्त. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यालाही बाळंतपणातल्या गंभीर गुंतागुंतींबाबत हाच कल दिसला.

शिक्षणाने बाकी सगळ्यांना संरक्षण मिळतं. इथे ते फार कमी मिळतंय. गरिबी हे कारण आहेच, पण ती वजा केली की फरक नाहीसा होतो असं नाही. उलट शिक्षणाची पायरी चढावी तशी दोघींतली दरी रुंदावते.

"त्यांच्या रक्तातच काही असेल" असंही काही जण म्हणतात, म्हणून आणखी एक अभ्यास. १९९७ साली इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदींवरून तीन गटांच्या बाळांची वजनं ताडून पाहिली : अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आया, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आया, आणि आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय आया. दोष रक्तात असता तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सगळ्यात लहान भरायला हवी होती. पण त्यांची वजनं गोऱ्या आयांच्या बाळांच्या जवळ होती. म्हणजे शोध घ्यायचा तो या देशात कृष्णवर्णीय म्हणून वाढण्याचा.

पाणकावळा

५.२ पट? हा आकडा मला माहीत नव्हता. वाचतो, मग बोलतो.

उंबरठा

इतिहासाची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं मागे जाते.

इथल्या स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं तो जे. मॅरियन सिम्स १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमेरीत काम करत होता. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं, लघवी सतत गळत राहते. त्यावरची शस्त्रक्रिया त्याने गुलाम स्त्रियांवर प्रयोग करून बसवली, भूल न देता. अनार्का, लूसी, बेट्सी या तिघींची नावं त्याच्याच लिखाणातून आपल्यापर्यंत आलीत. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. ती तेव्हा १७-१८ वर्षांची पोर होती. संमती कोणाची घेतली, तर मालकाची.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये हलवला. २०२१ साली माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर या शिल्पकर्तीने अनार्का, लूसी आणि बेट्सी यांची भव्य शिल्पं उभी केली.

हे सगळं जुनं झालं असं म्हणता आलं असतं. पण २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली, उदाहरणार्थ, "कृष्णवर्णीयांची कातडी गोऱ्यांपेक्षा जाड असते." जवळजवळ निम्म्यांना अशा खोट्या विधानांपैकी निदान एक तरी खरं वाटलं. आणि ज्यांना ती खरी वाटली त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी धरल्या. "तिला तेवढं दुखत नाही" ही गुलामीच्या काळातली समजूत अशी वैद्यकीय शाळेपर्यंत पोचलेली आहे.

दुसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं कृष्णवर्णीय सुइणी करायच्या, गोऱ्यांच्या घरचीसुद्धा. विसाव्या शतकात परवाने आणि नियम आणून त्यांना बाजूला सारलं गेलं. १९७० च्या दशकात अलाबामाने तर त्यांचं कामच बेकायदा ठरवलं. त्या अडाणी, अस्वच्छ असल्याचा प्रचार झाला. दवाखाने आले हे बरंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण बाईच्या उशाशी बसून तिचं ऐकणारं तिच्या ओळखीचं माणूस त्यात गेलं, आणि त्या जागी दुसरं कोणी आलं नाही.

मोगरी

मी ब्रिटनमध्ये असते. इथे विम्याचा प्रश्न नाही, सरकारी आरोग्यसेवा जवळजवळ सगळ्यांना फुकट, तरी चित्र फार वेगळं नाही. २०१८ ते २०२० च्या राष्ट्रीय अहवालात कृष्णवर्णीय स्त्रियांचा मातामृत्युदर गोऱ्या स्त्रियांच्या ३.७ पट होता, आशियाई वंशाच्या स्त्रियांचा १.८ पट. त्या आशियाई गटात आपणही मोडतो. सगळं विम्यावर ढकलता येत नाही एवढ्यासाठी लिहिलं.

टिटवी

उंबरठा, अनार्काचं वय वाचून थांबलेच.

ज्यांच्याकडे पैसा आहे, नाव आहे त्यांचंही ऐकत नाहीत, याची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. सप्टेंबर २०१७ मध्ये सेरेना विल्यम्सचं सिझेरियन झालं. तिला आधी फुप्फुसात गुठळ्या होऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दम लागायला लागला तेव्हा तिला स्वतःलाच कळलं की हे तेच आहे. बाहेर जाऊन तिने नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन करा आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्या. नर्सला वाटलं वेदनाशामकामुळे ही काहीतरी बोलतेय. आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. मग सीटी झाला. फुप्फुसात गुठळ्या.

जगातली सगळ्यात गाजलेली खेळाडू, स्वतःच्या शरीराचा एकेक स्नायू ओळखणारी. तिलाही पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली अमेरिकेची ४×१०० रिलेची सोनेरी चौकडी. त्यातली टोरी बोई २०२३ साली ८ महिन्यांची गरोदर असताना घरात एकटीच गेली, वय ३२. शवविच्छेदनात श्वसनाचा त्रास आणि एक्लॅम्प्सिया (बीपी वाढून झटके येणं) ही संभाव्य कारणं नोंदवली. त्याच चौकडीतल्या अ‍ॅलिसन फेलिक्सला प्रीएक्लॅम्प्सिया (त्याच्या आधीची, बीपी धोकादायक वाढण्याची अवस्था) झाला, ३२व्या आठवड्यात तातडीचं सिझेरियन करावं लागलं. टियाना बार्टोलेटाला २६व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या आणि तीही मरणाच्या दारातून आली. चौघींपैकी तिघी. वजन जास्त, व्यायाम नाही, असं यांच्याबद्दल कोण म्हणेल?

रानजाई

टिटवी, त्या स्वेटशर्टबद्दल मी वॉर्डात दोघींना सांगितलं. एक कृष्णवर्णीय सहकारी नुसती हसली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याने सूट घातला होता." बाळंतपणाला!

मला राहून राहून आठवते ती शॅलन आयर्विंग. स्वतः सीडीसीत साथरोगतज्ज्ञ, आरोग्यातली विषमता हाच तिच्या कामाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये मुलगी झाली. त्यानंतरच्या ३ आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा तपासायला गेली. बीपी वाढलेला, पाय सुजलेला, वजन वाढत चाललेलं. प्रत्येक वेळी घरी पाठवली. शेवटी गोळ्या लिहून दिल्या त्याच रात्री ती कोसळली. वय ३६. तिची आई वांडा आयर्विंग नातीला वाढवतेय आणि लेकीच्या नावाने याच प्रश्नावर काम करतेय.

लोकांना वाटतं बाळंतपणातला मृत्यू म्हणजे प्रसूतीच्या टेबलावरचा. तसं नसतं. राज्यांच्या समित्यांनी तपासलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणानंतर एका आठवड्यापासून एका वर्षापर्यंतच्या काळात झालेले आहेत. घरी फुगे लावलेले असतात, सगळे बाळाभोवती, आणि आईला दम लागतोय याकडे कोणाचं लक्ष नसतं. नेहमीची तपासणी ६ आठवड्यांनी असायची. आता बीपी फार वाढलेला असेल तर ७२ तासांत, एरवी बीपीचा त्रास झालेला असेल तर ७ ते १० दिवसांत आणि इतर कोणाशीही निदान ३ आठवड्यांत संपर्क करावा असं प्रसूतितज्ज्ञांची संघटना सांगते. कागदावर सांगते. घरी लहान बाळ, टाके ओले, गाडी नाही, नवऱ्याला रजा नाही. कशी यायची ती?

सांजवारा

नेहमी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

मी गरोदर बायकांसाठी विम्याचे अर्ज भरायला मदत करते, स्वयंसेवक म्हणून. या देशातली १० पैकी ४ बाळंतपणं मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा) होतात, कृष्णवर्णीयांमध्ये निम्म्याहून अधिक. पूर्वी अनेक राज्यांत बाळंतपणानंतर ६० दिवसांनी ते संरक्षण संपायचं. रानजाई सांगतात तो धोक्याचा काळ नेमका त्यापुढेही चालू असतो. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ते १२ महिन्यांपर्यंत वाढवायची मुभा दिली, एप्रिल २०२२ पासून. आता जवळजवळ सगळ्या राज्यांनी ते केलंय. पण ज्या बाईसाठी केलं तिलाच ते माहीत नसतं. मला दर आठवड्याला एखादी तरी भेटते, "माझं कार्ड संपलं असेल म्हणून मी गेलेच नाही" म्हणणारी. बीपीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडलेल्या असतात.

कोणाच्या ओळखीत कोणी असेल तर एवढं जरूर सांगा : कार्ड संपलं असं धरून चालू नका, आधी फोन करून विचारा.

पाणकावळा

वाचून आलो. कवडसा, आकडे बरोबर आहेत.

एक मात्र नोंदवतो. २००३ पासून मृत्यूच्या दाखल्यावर "गरोदर होती का" असा चौकोन आला आणि त्यावर चुकून खूण केल्याने एकूण मातामृत्यू फुगलेले दिसतात, असा वाद संशोधकांमध्ये आहे. तो गंभीर वाद आहे. २०२४ साली एका गटाने तो चौकोन वगळून मोजणी केली तर एकूण दर बराच खाली आला. पण त्याच मोजणीत कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पटच राहिला. म्हणजे मोजपट्टी बदलली तरी दरी तिथेच. मी शंका काढली होती, म्हणून उत्तरही मीच लिहायला हवं होतं.

आता दुसरा प्रश्न. पदवीधर, निरोगी, विमा असलेली बाई, तरी हे का? फक्त डॉक्टर ऐकत नाहीत म्हणून?

कवडसा

पाणकावळा, आभार. असं परत येऊन लिहिणारे कमी.

"फक्त" म्हणून नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तीन धागे एकमेकांत गुंतलेत.

पहिला शरीराचा. मिशिगन विद्यापीठाच्या आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये ‘वेदरिंग’ अशी कल्पना मांडली. उन्हापावसात उघड्यावर राहिलेलं लाकूड वयाच्या आधी विरतं, तसं. दुकानात मागे मागे येणारा रखवालदार, पोलिसांची धास्ती, ऑफिसात दुप्पट काम करून अर्धी शाबासकी, हे वर्षानुवर्षं सोसलं की रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडं लवकर थकतात. गरोदरपण म्हणजे हृदयाची परीक्षाच. कृष्णवर्णीय आयांच्या मृत्यूंत हृदयविकार आणि वाढलेला बीपी यांचा वाटा मोठा आहे तो यामुळे.

दुसरा जागेचा. या देशातल्या तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय बाळंतपणं एक-चतुर्थांश दवाखान्यांमध्ये होतात. त्याच दवाखान्यांत गोऱ्या स्त्रियांची जेमतेम १८ टक्के. आणि त्या दवाखान्यांमध्ये गुंतागुंती सगळ्यांच्याच जास्त, कारण माणसं कमी, साधनं कमी.

तिसरा आमचा, डॉक्टरांचा. यात नुसत्या स्वभावाचा दोष नाही, आमच्या हत्यारांमध्येही तो बसलेला होता. एकदा सिझेरियन झाल्यावर पुढचं बाळंतपण नैसर्गिक होण्याची शक्यता किती, हे सांगणारं एक गणकयंत्र आम्ही वापरायचो. त्यात बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक आहे असं भरलं की टक्केवारी आपोआप खाली यायची. वय तेच, वजन तेच. मी विद्यार्थी असताना स्वतः ते भरलंय आणि समोरच्या बाईला आकडा वाचून दाखवलाय. तिने "मग परत सिझरच करा" म्हटलं. ती खूण काढून भरलं असतं तर तिने काय ठरवलं असतं? २०२१ मध्ये वंशाचा प्रश्न त्यातून काढून टाकला. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. २०२० च्या एका अभ्यासात दिसलं की यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. दम लागतोय म्हणणारी बाळंतीण आणि ९४ दाखवणारं यंत्र, तर यापुढे मी बाईवर विश्वास ठेवणार.

उंबरठा

कवडसा, ते गणकयंत्राचं इतक्या मोकळेपणाने लिहिलंत, त्याला मोठं मन लागतं.

माझ्या वाचनात आलं होतं की कृष्णवर्णीय नवजात बाळांना कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाले तर ती जास्त वाचतात. ते खरं आहे का?

कवडसा

२०२० चा फ्लोरिडाच्या नोंदींवरचा अभ्यास. फार गाजला. पण २०२४ मध्ये तीच माहिती दुसऱ्यांनी पुन्हा तपासली, अतिशय कमी वजनाची बाळं हिशेबात धरली, तेव्हा तो फरक जवळजवळ उरला नाही. म्हणून मी तो वापरत नाही. दरी दाखवायला भक्कम पुरावे पुष्कळ आहेत, डळमळीत कशाला घ्यायचे?

टिटवी

मग उपाय काय? हे सगळं वाचून हातपाय गळाल्यासारखं होतं.

रानजाई

हातपाय गाळू नकोस. मी रोज हाताने करते तो एक उपाय सांगते.

पूर्वी बाळंतपणात रक्त किती गेलं ते आम्ही नजरेने ठरवायचो. "साधारण ४०० मिली." नजर नेहमी कमी धरते, आणि जिच्याबद्दल मनात "ही उगाच तक्रार करते" असं बसलंय तिचं आणखीच. आता आमच्या प्रत्येक खोलीत वजनकाटा आहे. भिजलेलं प्रत्येक पॅड, प्रत्येक चादर काट्यावर ठेवायची, कोरड्याचं वजन वजा करायचं. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. बाळ बाहेर आल्याचा आनंद चाललेला असतो आणि एक नर्स कोपऱ्यात वाकून ओले पॅड मोजत असते. १००० मिलीच्या जवळ आलं की कोणाचं मत विचारायचं नसतं, ठरलेल्या पायऱ्या सुरू. औषधांचा ट्रे येतो, रक्तपेढीला फोन जातो.

कॅलिफोर्नियात २००६ पासून दवाखाने आणि सरकार यांनी मिळून अशा पद्धती बसवल्या. २०१३ पर्यंत तिथला मातामृत्युदर निम्म्याहून अधिक खाली आला, देशाचा मात्र वर चालला होता. रक्तस्रावाबाबत तर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या आयांमधल्या गंभीर गुंतागुंतीची दरीही कमी झाली. काटा सगळ्यांचं रक्त सारखंच मोजतो. बीपीचंही तसंच करायला हवं : बसवून, हात टेकवून, आणि १६०/११० आला की घड्याळ सुरू. मी त्या रात्री हेच केलं, त्यात शौर्य नव्हतं. दुपारी कोणीतरी हे केलं असतं तर ती ८ तास तशीच पडून राहिली नसती.

यातही एक खोच आहे. यंत्र मोजेल तेवढंच मोजेल. डोकेदुखीला काटा नाही. तिथे तिच्या शब्दावरच जावं लागतं.

म्हणून डूला. बाळंतपणात शेवटपर्यंत सोबत राहणारी बाई, जिचं काम फक्त तिच्याकडे बघणं. बऱ्याच राज्यांत आता मेडिकेड त्याचे पैसे देतं. आमच्या वॉर्डात डूला असलेल्या खोलीतून घंटा लवकर वाजते, आणि मला ते फार बरं वाटतं.

आणि घरच्यांसाठी, कुठल्याही रंगाच्या बाईच्या घरच्यांसाठी. बाळंतपणानंतर वर्षभरात यातलं काही झालं तर थांबू नका : गोळीने न जाणारी किंवा वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, छातीत दुखणं, दम लागणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, ताप १००.४ किंवा त्याहून वर, स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार. दवाखान्यात गेलं की नाव सांगायच्या आधी सांगा, "मी अमुक दिवसांपूर्वी बाळंत झालेय." तातडीच्या विभागात समोरच्याला पोट दिसत नाही, बाळ घरी असतं, त्यांना कळतच नाही की ही बाळंतीण आहे.

सांजवारा

रानजाई, तातडीने एक विचारते. आमच्या वरच्या मजल्यावर एक कृष्णवर्णीय कुटुंब आहे. ती ९ दिवसांपूर्वी बाळंत झाली. आज डबा द्यायला गेले तर कपाळाला रुमाल बांधून बसली होती. म्हणाली, परवापासून दुखतंय, फोन केला होता, विश्रांती घ्या म्हणाले. माझ्याकडे सासऱ्यांचं बीपीचं यंत्र आहे, दंडाला लावायचं. घेऊन जाऊ का वर? तिला आगाऊपणा वाटेल का?

रानजाई

जा. आत्ता जा. तिला विचारून लाव. खुर्चीत बसव, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायांवर पाय नको. लघवीला जाऊन आलेली असू दे. पट्टा उघड्या दंडावर, तो दंडाला पुरतो ना ते बघ, हात टेबलावर. ५ मिनिटं कोणी बोलायचं नाही. दोन्ही आकडे लिहून आण. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० वा त्याहून वर असेल तर थेट ९११ ला, तातडीच्या सेवेला फोन. १४०/९० च्या वर असेल आणि डोकं दुखत असेल तरी आजच जायचं, उद्यावर नाही.

सांजवारा

१५२/९६. १५ मिनिटांनी १५४/९८.

फोन तिनेच केला, मी बाजूला बसले. तिला सांगितलं होतं तसं पहिलंच वाक्य : "मी ९ दिवसांपूर्वी बाळंत झालेय, डोकं २ दिवस दुखतंय, बीपी १५४/९८ आहे, दोनदा घेतलाय." पलीकडची बाई लगेच म्हणाली, या. तिचा नवरा कामावर आहे, म्हणून मी नेतेय. बाळ बरोबर आहे, दूध पिशवीत घेतलंय. लिहिते नंतर.

टिटवी

वाट बघतेय.

पाणकावळा

मीही. कितीही उशीर झाला तरी लिहा.

सांजवारा

रात्री २ ला घरी आले, आता लिहितेय.

प्रीएक्लॅम्प्सिया, बाळंतपणानंतरचा. मला माहीतच नव्हतं की बाळ झाल्यावरही तो होतो. मॅग्नेशियम लावलंय, २४ तास ठेवणार. नवरा तिथे पोचला. बाळ तिच्याजवळच आहे. निघताना तिने यंत्र परत द्यायला काढलं. मी म्हटलं राहू दे, डिस्चार्जनंतर रोज दोनदा लागणार आहे. सासऱ्यांसाठी दुसरं घेऊ.

रानजाई, तिने विचारलंय, मोठा पट्टा वेगळा मिळतो का?

रानजाई

मिळतो. दंडाचा घेर टेपने मोजून सांग, कुठल्या मापाचा घ्यायचा ते कळवते.